तापणाऱ्या पिकअपची तक्रारवही

१ जून २००२, शनिवार. पेठ वडगाव

काल रिटायर झालो. डेपोत निरोप समारंभ झाला. फेटा, शाल आणि ही डायरी मिळाली. मॅनेजर साहेब भाषणात म्हणाले, "शिंगे ड्रायव्हरनं सव्वीस वर्षांत एसटीला खरचटू दिलं नाही." एकदा खरचटलं होतं, मलकापूरच्या एका म्हशीमुळं, पण साहेब नवीन आहेत, त्यांना कुठलं माहीत असणार.

आज पहाटे चारला डोळे उघडले. अंघोळ केली, खाकी कपडे चढवले आणि डबा मागितला. मीनाबाई, म्हणजे आमची मंडळी, गॅसपुढनं मान वळवून म्हणाली, "अवो, कुठं निघालासा? तुमची गाडी कालच सुटली की." मग कपडे उतरवून बसलो. दुपारपर्यंत घरात कुठलं भांडं कुठं असतं ते पाठ झालं. हे असं बसणं माझ्याच्यानं होणार नाही.

डायरीत काय लिहायचं हाही प्रश्नच आहे. मला तक्रारवही सोडून दुसरं काही लिहायची सवय नाही. एसटीत आमची पद्धत सरळ. ड्युटी संपली की गाडी डेपोत लावायची आणि तक्रारवहीत लिहायचं: ब्रेक उशिरा लागतो, हॉर्न वाजत नाही, बाकी सगळं वाजतं. सही ठोकायची आणि घरी जायचं. सकाळी तक्रारीखाली मेकॅनिकची सही असायची, 'केले' म्हणून. ती सही असल्याशिवाय साहेबाचा बा आला तरी मी चावीला हात लावत नव्हतो. सव्वीस वर्षांत एकदाही बॉनेट उघडलं नाही. ते माझं काम नव्हतं आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला खोड नाही.

तर आता इथंही तसंच लिहीत जाईन. कुणी वाचेल ही भीती नाही. माझं अक्षर डेपोतल्या मेकॅनिकशिवाय कुणाला लागत नव्हतं.

६ जून, गुरुवार

सोनमचा बारावीचा निकाल लागला. एकसष्ट टक्के! पेढे वाटले. पेढे वाटून परत येतोय तोवर पोरीनं बॉम्ब टाकला.

म्हणाली, "पप्पा, मला डी.एड. नको. आयटीआय करायचंय. डिझेल मेकॅनिक."

मी म्हटलं, "काय?"

"डिझेल मेकॅनिक. कळंब्याला हाय. एका वर्षाचा कोर्स."

माझा आवाज चढला. चढला म्हणजे शेजारची बनाबाई कपडे वाळत घालायची थांबली, एवढा. पण लिहायचं तर खरं लिहावं. मला मुलीनं शिकण्याचा राग नाही. माझ्या आज्ज्याचे हात गावानं घाणीत ठेवले. बानं ते ओढून बाहेर काढले, छपन्न साली दीक्षा घेतली आणि मला शाळेत घातलं. मी स्टिअरिंग धरलं. आता पुढच्या हातात खडू नाहीतर पेन पाहिजे. डेपोतल्या मेकॅनिकांचे हात मी पाहिलेत. साबणाच्या वड्या संपतात, पण काळं निघत नाही. माझ्या एकुलत्या पोरीचे हात मी तसे होऊ देणार नाही. विषय संपला.

मीनाबाई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जपून राहावं लागतं.

११ जून, मंगळवार

पिकअप घेतली!

झालं असं, की कुरुंदवाडच्या नृसिंह अण्णांकडं जुनी डिझेल पिकअप विकायला आहे असं कळलं. अण्णांचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं, ते आता मुलाकडं पुण्याला निघालेत. आपल्याला काय, बाजारचा भाजीपाला, मांडवाचं सामान, काहीही न्यायचं. हातात स्टिअरिंग पाहिजे. आमच्या गल्लीच्या तोंडाला गॅरेज आहे त्या ज्ञानू मिस्त्रीला विचारलं, तर त्यानं कपाळाला हात लावला. "बाबासो, ती नगा घेऊ. त्या मॉडेलच्या इंजिनचं हेड तापून उडतंय. आपल्या भागात तेरा गाड्या हुत्या. नऊ भंगारात गेल्या, तीन दारात हुब्या हायत, आणि ही एक." मिस्त्री आणि डॉक्टर एका माळेचे मणी, धडधाकट काही त्यांना दिसतच नाही.

सोनमला बरोबर नेलं होतं, जरा राग जाईल म्हणून. अण्णा माणूस सज्जन. गाडीवरची ताडपत्री काढायच्या आधीच म्हणाले, "शिंगे, तुम्हाला फसवून मला काय मिळवायचंय? हिचं डोकं तापतं. दहा-बारा किलोमीटर झाले की तापतं. या मॉडेलचं सगळ्यांचंच तापतं, हिचं जरा जास्त."

म्हटलं, "अण्णा, माझंबी तापतंय. घरचं माणूस तीस वर्षं चालवतंय की."

गाडी चालवून बघितली. स्टिअरिंग लोण्यासारखं. मागच्या फळीवर कुणीतरी लाल रंगात लिहिलंय: 'बघतोस काय? हात लाव!' तेवढं पुसून घेऊ. सोनमचं आपलं भलतंच. इंजिनातली तेल मोजायची काडी बाहेर काढून वास घेत बसली. अण्णांना विचारते, "पाणी किती पिती? सकाळी पहिल्या सेल्फला उठती का?" पोरीला चौकशा फार. मी तिला म्हटलं, गाडी अशी बघायची नसते, गाडी चालवून बघायची असते.

येताना हातकणंगल्याजवळ तापली. वीस मिनिटं थांबलो. निसर्ग छान आहे तिकडचा.

१४ जून, शुक्रवार

पहिलं भाडं! बनाबाईची वांगी आणि कोबी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवली. बनाबाई गेली वीस वर्षं बाजारात बसते, तोंड असं की तराजूसुद्धा तिला भिऊन समान राहतो. टोपच्या चढाला गाडी तापली, मग शिरोलीत, मग यार्डाच्या गेटात. बनाबाई म्हणाली, "बाबासो, कोबीची भाजी हितंच करायची का? जाळ हायच की तुझ्याकडं."

तक्रार: इंजिन लवकर गरम होते. पुढून चीं चीं असा आवाज येतो.
सही: बा. शिंगे

(सवय बघा. सही करूनच टाकली.)

१५ जून, शनिवार

नवल! आज यार्डात गेलो तर फक्त एकदाच तापली. चीं चीं पण गेली. मी हातसुद्धा लावलेला नाही. काल दुपारी दोनला जेवून झोपलो ते चारला उठलो, रोजच्यासारखा. रात्रपाळीच्या काळातली सवय ती, दोन ते चार माझ्या उशाशी ढोल वाजवले तरी मला जाग येत नाही. उठलो तर गाडी आपली दारात शांत उभी.

मला वाटतं गाडी हात ओळखायला लागली. जनावरासारखंच असतं हे, नव्या धन्याकडं दोन दिवस नखरे करायचे आणि मग रुळायचं. ज्ञानूला सांगितलं तर तो खाली मान घालून खोकायला लागला. गॅरेजच्या धुरानं छाती खराब होते, म्हणून तर मी म्हणतो.

१९ जून, बुधवार

घरात शांतता आहे. मीनाबाईनं सोनमला शिवणक्लास लावला. डी.एड.चे फॉर्म निघेपर्यंत पोरगी रिकामी नको बसायला, असं तिचं म्हणणं. चांगलं आहे. क्लास ज्ञानूच्या गॅरेजसमोरच आहे, लांब जायला नको. सकाळी नऊला जाते ती बारा-साडेबाराला येते.

डायरीत आयटीआयचा फॉर्म सापडला. कोरा, खाली 'पालकाची सही' अशी रेघ. मुदत ३१ जुलै. हा इथं कुणी ठेवला? फाडणार होतो, पण कागद जाड आहे, पानात खुणेला बरा पडेल.

तक्रार: सकाळी लवकर स्टार्ट होत नाही. सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो. पांढरा धूर येतो. मागं सायकलवाला होता, तो दिसेनासा झाला.
सही: बा. शिंगे

२० जून, गुरुवार

दुसऱ्या सेल्फला स्टार्ट! मी मीनाबाईला म्हटलं, "बघ, माझ्या हाताला यश हाय." ती म्हणाली, "व्हय, हाताला यश हाय. फकस्त हात कुणाचा ते इचारू नगा." बायकांच्या बोलण्याला अर्थ असतोच असं नाही.

२६ जून, बुधवार

जेवताना सोनमच्या नखांकडं लक्ष गेलं. काळी! म्हटलं, "हे काय?"

"मशीनचं ऑइल, पप्पा. शिवणमशीनला घालावं लागतंय."

बाईसाहेब मशीनला फार ऑइल घालतात वाटतं. क्लासवालीशी एकदा बोलायला हवं, कपड्यांना डाग पडतील.

३० जून, रविवार

पाच दिवस गाडी तापली नाही. कुरुंदवाडला जाऊन आलो, अण्णांना दाखवायला. अण्णा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "शिंगे, कुणाकडून काम केलंत हो?" म्हटलं, कुणाकडून नाही. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "नऊ वर्षं मी सांगलीपासून बेळगावपर्यंत मिस्त्री केले," म्हणाले, "आणि तुम्ही नुसती चालवून नीट केलीत?" माझी छाती दोन इंच फुगली. परत येताना हॉर्न उगाचच दोनदा वाजवला.

५ जुलै, शुक्रवार

सोनमनं शिवणक्लासमध्ये पहिली वस्तू शिवली. मी ब्लाउज किंवा परकर असेल म्हणून बघायला गेलो, तर जाड कापडाची लांबडी गुंडाळी, आणि तिला ओळीनं अरुंद खिसे. लहानापासून मोठे, असे बारा.

"हे काय?"

"सुया ठेवायला."

एवढ्या लांब सुया? पण टाके सरळ आहेत आणि शिवण मजबूत आहे. पोरीच्या हातात कसब आहे, ते खडू धरण्यात दिसेल तर सोनं होईल. डी.एड.ला शिवणाचे मार्क धरतात का विचारायला हवं.

९ जुलै, मंगळवार

आज दुपारी डास चावला म्हणून तीनलाच जाग आली. दारातनं बघितलं तर गाडीखालनं दोन चपला बाहेर आलेल्या. लेडीज. म्हटलं, "मीना, गाडीखाली कोण हाय?"

मीनाबाई दारात आडवी आली. "कोण असणार? कुत्र्यानं चपला वडून नेल्या असतील. पडा की अजून तासभर. वय झालंय तुमचं."

वय झालंय म्हटल्याचा राग आला म्हणून मी मुद्दाम जाऊन पडलो. आता खाट मागच्या खोलीत टाकलीय, तिथं वारा चांगला येतो म्हणे. मला काही वारा लागला नाही.

१५ जुलै, सोमवार

मोठी बातमी. आपल्या विहारात बुद्धमूर्ती बसायची आहे. येत्या २४ तारखेला, आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी. चार फुटी, ब्राँझची, कोल्हापूरच्या कारागिराकडं तयार आहे. गल्लीतल्या लोकांनी सहा वर्षं तिची वाट बघितलीय. आज हायस्कुलातले जोतीराम सर, विहार कमिटीचे अध्यक्ष, घरी येऊन म्हणाले, "शिंगे, भाड्याचा टेम्पो आणण्यापेक्षा मूर्ती तुमच्याच गाडीतनं यावी असं सगळ्यांचं मत पडलं. पण गाडी मधे थांबली तर मिरवणूक उन्हापावसात उभी राहील. खात्री द्या."

मी छातीवर हात ठेवून खात्री दिली. तीन आठवडे गाडीनं त्रास दिलेला नाही. ही गाडी माझ्या हाताची आहे.

सोनमनं पुन्हा फॉर्मचा विषय काढला. पंधरा दिवस राहिलेत म्हणाली. मी म्हटलं, खुणेला वापरतोय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती उठून गेली. मला बरं वाटलं नाही. पण बापानं कधीतरी वाईट व्हावं लागतं.

२२ जुलै, सोमवार

परवासाठी गाडी धुऊन घेतली. मागच्या फळीवरचं ते वाक्य पुसायला गेलो, रंग पक्का आहे, निघेना. मूर्तीच्या गाडीवर 'बघतोस काय?' बरं दिसणार नाही, फुलांच्या माळा सोडू त्याच्यावर.

तक्रार: डाव्या बाजूला खाली टपटप गळते. थोडेच आहे.
सही: बा. शिंगे

२४ जुलै, बुधवार. आषाढ पौर्णिमा

कुठून सुरुवात करू?

सकाळी सहाला निघालो. माझ्याशेजारी जोतीराम सर, मागं कमिटीची चार माणसं, मीनाबाई आणि सोनम. सोनमचं मी नको म्हणत होतो. मीनाबाई म्हणाली, "ती येणार. मूर्तीला धराय पाहिजे कुणीतरी हलक्या हाताचं." सोनमच्या खांद्याला शिवणक्लासची पिशवी. म्हटलं, आजच्या दिवशी तरी ठेव की घरी. ऐकलं नाही.

कोल्हापुरात मूर्ती घेतली. काय मूर्ती आहे! मिटलेले डोळे, आणि ओठावर एवढंच हसू. गवताच्या गादीवर ठेवली, पांढऱ्या कापडानं बांधली, वंदना म्हटली आणि निघालो. शिरोली सोडली. इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. मी म्हटलं, नसेल, गाडी रुळलीय. नागाव फाट्याच्या जरा पुढं बॉनेटमधनं फुस्स झालं आणि समोर नुसती वाफ. रस्ता दिसेना. कशीबशी कडेला घेतली.

तिकडं वडगावात मिरवणूक उभी. लहान पोरं, म्हाताऱ्या बाया, पांढऱ्या साड्या. आणि ज्यानं छातीवर हात ठेवून खात्री दिली तो मी नागाव फाट्यावर.

मी खाली उतरलो. बॉनेटसमोर उभा राहिलो. आणि खिशातनं पेन काढलं. खोटं नाही लिहीत, पेन काढलं! सव्वीस वर्षांत गाडी बिघडली की मी तेवढं एकच केलं होतं. हातात पेन घेऊन मी रस्त्यावर उभा, समोर तक्रारवही नाही, मागं डेपो नाही. आयुष्यात एवढा रिकामा मी कधी झालो नव्हतो.

मग शुद्धीवर येऊन बॉनेट उघडलं आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाला हात घातला, तर मागनं किंकाळी आली. "पप्पा! झाकण न्हाय उघडायचं! भाजंल!"

सोनम. ओढणी कमरेला आवळून उडी टाकून आली. "सरका," म्हणाली. मी सरकलो. मला असं कुणी सरकवलं नव्हतं, पण आवाज असा होता की मी सरकलो. पिशवीतनं ती लांबडी गुंडाळी निघाली, उलगडली, आणि बारा खिशांत नट आवळायचे बारा पाने! लहानापासून मोठे, ओळीनं. कमिटीच्या एकाला हॉटेलातनं पाण्याच्या दोन कळश्या आणायला पिटाळलं, दुसऱ्याला इंजिनवर छत्री धरायला लावलं, कारण पाऊस भुरभुरत होता. इंजिन निवेपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही. जोतीराम सर घड्याळ बघायला लागले तर म्हणाली, "सर, गरम इंजिनात गार पाणी घातलं तर हेड जाईल. मग मूर्ती डोक्यावरनं न्यावी लागंल. वीस मिनिटं थांबा." सर थांबले. आख्ख्या हायस्कुलाला थांबवणारा माणूस थांबला.

मग पाईपावरची पट्टी ढिली केली, रबरी पाईप ओढून काढला. तोंडाला चिरलेला. पिशवीतनं शिवणक्लासची कात्री काढली (मला वाटतं तिचा हा पहिलाच वापर), चिरलेला तुकडा कचाकच कापला, उरलेला पाईप ओढून बसवला आणि पट्टी आवळली. आवळता आवळता, माझ्याकडं न बघता, बोलून गेली. "तुम्ही परवा लिहिलतं की, डाव्या बाजूला टपटप. मी काल बघितलतं. ज्ञानूकाका नवीन पाईप आणणार हुते, पण काल दुकान बंद. मी म्हटलं आजचा दिवस निभावंल."

म्हटलं, "लिहिलतं? कुठं लिहिलतं?"

तिचा पाना थांबला. मागं मीनाबाई एकदम आभाळाकडं बघायला लागली.

जोतीराम सर म्हणाले, "शिंगे, शिवणक्लासमध्ये हल्ली बरंच शिकवतात हो."

सगळे हसले. मी हसलो नाही. राग आला. डायरी वाचली याचा आला, फसवलं याचा आला, चार माणसांत आला. पण राग यायला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायला एकच गाठ पडली. सोनम म्हणाली, "तीसच्या वर न्यायची न्हाय. मी काट्यावर लक्ष ठेवती." सरांना मागं बसवून ती माझ्याशेजारी बसली. तीसच्या वर नेली नाही. ती म्हणाली थांबा, तिथं थांबलो. वाठारला काटा हलला तेव्हा नुसतं बोट वर केलं, मी गाडी कडेला घेतली.

मिरवणूक एक तास दहा मिनिटं उशिरा निघाली. कुणी तक्रार केली नाही. मूर्ती बसली. बनाबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबासो, तुला आत्ता कळलं व्हय? गल्लीत गाडीखालच्या कुत्र्यालाबी म्हाईत हाय."

२५ जुलै, गुरुवार

दुपारी झोपलो नाही. डायरी पहिल्या पानापासून वाचली.

चौदा जून, तक्रार. पंधराला काम झालेलं. एकोणीस जून, तक्रार. वीसला काम झालेलं. काळी नखं. सुयांची गुंडाळी. लेडीज चपला. च्यायला, माझ्या हातानं लिहिलंय सगळं, आणि मलाच वाचता आलं नाही!

माझं अक्षर मेकॅनिकशिवाय कुणाला लागत नाही, हेही मीच लिहिलंय पहिल्या दिवशी.

आणि एक गोष्ट जास्त लागली. सगळ्या तक्रारींखाली माझी सही आहे. खालची जागा कोरी. सव्वीस वर्षं मेकॅनिकच्या सहीशिवाय मी गाडी डेपोबाहेर काढली नाही, आणि दीड महिना ही गाडी बिनसहीची चालवतोय. सही करायला माणूस होतं, रोज दुपारी गाडीखाली होतं. माझ्या भीतीनं सही करत नव्हतं.

मला रडू आलं. मीनाबाईनं विचारलं तर सांगितलं, डोळ्यात डिझेल गेलं. ती म्हणाली, "तुमी कवा हात लावलासा डिझेलला?"

संध्याकाळी सोनमला बोलावलं. ती दारात उभी राहिली, हात मागं लपवून. म्हटलं, दाखव. तिनं दाखवले. बोटांच्या पेरांत काळं, अंगठ्याला पट्टी. मी म्हटलं, "सोनम, माझ्या आज्ज्याच्या हाताचं काळं कधी निघालं न्हाय. म्हणून मी नको म्हणत हुतो. दुसरं काय न्हाय."

ती म्हणाली, "पप्पा, पणज्याच्या हाताला ते गावानं लावलं हुतं. हे मी लावलंय. मला वाटलं तवा धुती, मला वाटलं तवा लावती." मग हळूच म्हणाली, "आणि रॉकेलनं निघतंय की."

चहा प्यालो.

२७ जुलै, शनिवार

ज्ञानूकडं गेलतो. म्हटलं, खरं सांग, पोरगी कशी आहे? तो म्हणाला, "बाबासो, ती नऊला यायची, मी दहाला. शटर तीच उघडायची. आणि ह्या मॉडेलचं तापणं थांबवाय मला जमलं न्हाई ते तिनं निम्म्यावर आणलं. पर हेडची गॅसकेट एक दिवस जाणारच. ती बदलल्याशिवाय खरं न्हाय." मी म्हटलं, मग बदलू. तो म्हणाला, "मला नगा सांगू. तुमच्या मेकॅनिकला लिहून द्या."

तर लिहून देतो.

तक्रार:
१. हेडची गॅसकेट बदलावी.
२. मागच्या फळीवरचं अक्षर पुसू नये. बरोबर आहे ते.
३. ड्रायव्हरचं डोकं लवकर तापतं. गाडी चालते कुणामुळं ते त्याला समजत नाही. अठ्ठावन्न वर्षं जुना आहे, सुटे भाग मिळत नाहीत.
४. खुणेचा फॉर्म याच पानात ठेवलाय. सही केलेली आहे.

डायरी नेहमीच्या जागी, टीव्हीवर ठेवतोय. मी मागच्या खोलीत झोपायला जातो. झोप लागणार नाही, पण कुणी गाडीखाली गेलं तरी उठणार नाही.

सही: बा. शिंगे

१. गॅसकेट: पुढच्या रविवारी करू. सामान ज्ञानूकाका आणतील. पाने हातात द्यायला माणूस लागेल, त्या दिवशी दुपारी झोपायचं नाही.
२. मान्य.
३. ड्रायव्हर तपासला. चालवायला हरकत नाही.
४. फॉर्म आज कळंब्याला देऊन आले.

केले.
सही: सोनम बा. शिंगे
२९ जुलै २००२